दीर्घायुषी ऋणाग्रांची घडण

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या व नळ्या जोडण्यासाठी जे ‘आर्गन वेल्डिंग’ वापरले जाते, त्यातील टंगस्टनची कांडी वस्तुतः एक तप्त ऋणाग्रच होय. तिच्या टोकास लाल रंग असेल तर तीत सुमारे 2 टक्के थोरियम ऑक्साइड असते. प्रक्षेपकांच्या शक्तिशाली निर्वात नलिकांतील तंतूही बहुधा अशाच मिश्रणाचे असतात. प्रश्न दोन्हीकडे एकच : इलेक्ट्रॉन विपुल मिळावेत, पण ऋणाग्र टिकावे.

इलेक्ट्रॉनला धातूचा पृष्ठभाग सोडण्यास लागणारी किमान ऊर्जा म्हणजे कार्यफलन. शुद्ध टंगस्टनचे कार्यफलन सुमारे 4.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तो 2500 केल्व्हिनच्या आसपास तापवावा लागतो; त्या तापमानास धातूच उडू लागतो आणि तंतू बारीक होत जातो. पृष्ठभागावर थोरियमचा एका अणूइतका थर आला की हेच मूल्य 2.6 पर्यंत उतरते व सुमारे 2000 केल्व्हिन पुरतात. मात्र हा थर सतत उडतो आणि आतून भरून यावा लागतो. म्हणून तंतू हायड्रोकार्बनच्या वाफेत तापवून त्यावर टंगस्टन कार्बाइडचे कवच चढवितात. कवचामुळे थोरियम मंद गतीने उडतो. पण कवच फार जाड झाले तर तंतू ठिसूळ होतो, आणि त्यातील कार्बन संपला की उत्सर्जनही ढासळते. नलिकेचे आयुष्य ठरते ते या कवचाच्या मापावर.

लहान नलिकांत निकेलच्या नळीवर बेरियम व स्ट्राँशियमची कार्बोनेटे लेपून निर्वातात तापवितात. त्यांची ऑक्साइडे होऊन अवघ्या 1000 केल्व्हिनच्या सुमारास उत्सर्जन मिळते. निकेलमधील अत्यल्प सिलिकॉन बेरियम मुक्त करतो खरा, पण लेपाखाली विद्युतरोधी थरही साचवितो. 1956 ते 1978 या काळात अटलांटिकच्या तळाशी चाललेल्या टीएटी-1 दूरध्वनी केबलच्या नलिकांचे रहस्य शुद्ध निकेल आणि जाणूनबुजून कमी ठेवलेला प्रवाह यांत होते.

खारघर येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 10 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट त्वरकात लँथॅनम हेक्झाबोराइडचे ऋणाग्र आहे. अशा ऋणाग्राची खरी अडचण त्याच्या आधाराची असते : तप्त अवस्थेत बोरॉन टँटलमसारख्या धातूत शिरून त्यास ठिसूळ करतो, म्हणून मध्ये ग्रॅफाइट किंवा ऱ्हेनियम घालावे लागते.

वेल्डिंगच्या कांडीतही थोरियमऐवजी लँथॅनम ऑक्साइड येत आहे. तेथील कारण टिकाऊपणाहून निराळे आहे. कांडीचे टोक घासताना उडणारी किरणोत्सारी धूळ कारागिराच्या श्वासात जाते.