फुकट शूट करावं का?

मॉडेलिंगमध्ये नव्याने उतरताय? कोलॅब शूट जरूर करा. पैसे कुणीच कुणाला देत नाही. फोटोग्राफर, मेकअप आर्टिस्ट आणि तुम्ही, सगळ्यांचाच पोर्टफोलिओ तयार होतो. पण आधी, व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: एडिट केलेले किती फोटो मिळणार, कधी, आणि ते कुठे वापरले जाणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अशा फोटोंची मालकी सहसा फोटोग्राफरकडेच राहते, फोटोतल्या माणसाकडे नाही!

ब्रँडचा कॅटलॉग मात्र फुकट करू नका. त्यांचा माल तुमच्या फोटोवर खपतो, मानधन मागाच. एजन्सीला पाठवायच्या पोलरॉइड्सना, म्हणजे साध्या ओळख-फोटोंना, तर शूटही लागत नाही. खिडकीचा उजेड, साधी भिंत, अंगाबरोबरचा टी-शर्ट, मेकअप अजिबात नाही. समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा फोटो. मैत्रिणीने मोबाइलवर काढले तरी चालतात.