नोकरी देणाऱ्याचीही परीक्षा
(बी.कॉम., तिसरे वर्ष)

मुलाखतीला जाताना उमेदवाराने कसे वागावे, याचा उपदेश आपल्याला उदंड मिळतो. वेळेवर जावे, खरे बोलावे, गुणपत्रिका नीट लावून न्याव्यात. पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसानेही काही नियम पाळायचे असतात, हे सहसा कोणी सांगत नाही. निकाल लागताच आपल्यापैकी बरेच जण उद्यमबागेत, पुण्याला, गोव्याला नाहीतर बंगळूरला अर्ज घेऊन जाणार आहेत. म्हणून या दुसऱ्या बाजूचा थोडा विचार करू.

पहिला नियम पैशाचा. मालक आणि उमेदवार यांच्यामध्ये पुष्कळदा भरती करून देणारी एजन्सी असते. ती काम करते मालकाचे, तेव्हा तिचा मोबदलाही मालकानेच द्यायला हवा. तिने उमेदवाराकडूनही पैसे घेतले, तर ती लायक माणूस न शोधता पैसेवाला माणूस शोधू लागते. यात गरीब उमेदवार तर बुडतोच, पण मालकही फसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ साली अशा खासगी संस्थांसाठी १८१ क्रमांकाचा करार संमत केला. कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये, हा त्यातला सर्वसाधारण नियम आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही. तरी त्यातले तत्त्व कोणालाही पटावे असेच आहे.

परदेशी नोकऱ्यांबाबत मात्र आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा झाला. त्यानुसार परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची झाली. २०१७ च्या नियमदुरुस्तीने त्याच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातली. म्हणजे आखाती देशातल्या नोकरीसाठी कोणी लाख-दीड लाख मागितले, तर ते शुल्क नव्हे, लूट आहे. देशातल्या देशात नोकरी मिळवून देणाऱ्याला या कायद्याचा धाक नाही. तिथे ‘नोंदणी फी’, ‘ट्रेनिंग फी’, ‘अनामत’ अशी नावे बदलत राहतात. मराठीत लाच म्हणतात, कन्नडात लंच म्हणतात. वशिल्याला तिकडे वशीली म्हणतात. शब्द जवळजवळ एकच, आणि दुखणेही एकच!

दुसरा नियम खरेपणाचा. पगार किती, कापून हातात किती, काम कोणते, पाळी कोणती, नोकरी कायम की कंत्राटी, हे आधी सांगितले पाहिजे. बाँडचेही तसेच. बाँड लिहून घेणे मुळातच बेकायदा आहे असे नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची ‘तीन वर्षे सेवा, नाहीतर दोन लाख रुपये’ ही अट ग्राह्य धरली. पण ती अट भरतीच्या जाहिरातीतच दिलेली होती, हे लक्षात घ्यावे. रुजू होण्याच्या दिवशी कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हणणे निराळे. मूळ प्रमाणपत्रे गहाणासारखी अडकवून ठेवणे तर त्याहून वाईट.

तिसरा नियम प्रश्नांचा. जे कामाशी संबंधित आहे तेवढेच विचारावे. हिशेबनीस हवा असेल तर हिशेब तपासावा. मुलींना ‘लग्न कधी करणार?’ आणि मुलांना ‘कोणत्या समाजाचे?’ असे विचारण्याने कोणाचा ताळेबंद जुळत नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तो नियम ठेवला आहे. मुलाखतीच्या आधीच कोणाची निवड ठरलेली असेल, तर इतरांना गाडीभाडे खर्चून बोलावणे हाही अन्यायच. निवड झाली नाही तर तसे दोन ओळींत कळवावे. वाट पाहणाऱ्याचे दिवस फुकटचे नसतात.

मग आपण काय करावे? पैसे मागितले तर पावती मागावी. पावतीचे नाव काढताच पुष्कळांचा आवाज खाली येतो. अटी लेखी घ्याव्यात. फसगत झाली तर लाजून गप्प न बसता मागून येणाऱ्यांना सावध करावे. आणि आणखी एक गोष्ट. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. दहा वर्षांनी आपल्यातलेच काही जण टेबलाच्या पलीकडे बसलेले असतील. त्या दिवशी समोरच्या मुलाच्या फाईलमध्ये आपल्याला काय दिसेल, त्याचे गुण की त्याची गरज? खरी परीक्षा ती.