वैद्यकविद्येची दारे आणि सुरतेच्या स्त्रिया

एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे यश कशावरून ठरवावे? इमारती, उपकरणे, परीक्षांचे निकाल यांचा हिशेब ठेवणे सोपे असते. परंतु ज्यांना आजवर वैद्य लाभला नव्हता, त्यांच्यापर्यंत जाणारे वैद्य त्या संस्थेने घडविले काय, ही कसोटी अधिक कठीण होय. या कसोटीला उतरणारे एक उदाहरण आपल्या सुरत शहराच्याच इतिहासात आहे. खानदेशातून व महाराष्ट्राच्या अन्य भागांतून येऊन नवागामात स्थिरावलेल्या कुटुंबांना ते विशेष आपलेसे वाटावे. त्या उदाहरणातील डॉक्टर मराठी होत्या. त्यांचे नाव डॉ. रखमाबाई.

प्रथम त्या काळाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात असंख्य स्त्रिया परपुरुषाकडून, मग तो डॉक्टर का असेना, शरीराची तपासणी करून घेण्यास तयार नसत. दुखणे अंगावर काढले जाई. अडलेल्या बाळंतपणात आणि प्रसूतीनंतरच्या तापात उपचार वेळेवर न मिळाल्याने प्राण जात. यावर उपाय एकच होता. तो म्हणजे स्त्री-डॉक्टर. पण स्त्रीला डॉक्टर करणारी महाविद्यालये कोठे होती?

इंग्लंडातही हा प्रश्न बिकट होता. सोफिया जेक्स-ब्लेक, एडिथ पीची आणि त्यांच्या मैत्रिणींनी 1869 साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. 1870 साली त्यांना परीक्षेला जाताना दंगेखोर जमावाला तोंड द्यावे लागले, आणि पुढे विद्यापीठाने त्यांना पदवीही नाकारली. तेव्हा जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेऊन 1874 साली लंडन येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकविद्यालय काढले. आरंभी तेथे 14 विद्यार्थिनी होत्या. शिकविण्याची सोय झाली, तरी प्रत्यक्ष रुग्ण पाहण्यासाठी रुग्णालय हवे होते आणि परीक्षा घेणारी मान्यताप्राप्त संस्थाही हवी होती. 1876 च्या कायद्याने स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा परीक्षक-संस्थांना दिली आणि 1877 साली रॉयल फ्री रुग्णालयाने विद्यार्थिनींना प्रवेश दिला. अशा रीतीने शिक्षण, रुग्णानुभव व परवाना ही तिन्ही दारे एकामागून एक उघडली.

या दारांतून पुढे रखमाबाई आत गेल्या. त्यांचा जन्म 1864 साली मुंबईत झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. मोठेपणी त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. परंतु अपिलानंतर 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना नांदावयास जाण्याचा, अन्यथा तुरुंगवास पत्करण्याचा हुकूम केला. त्यांनी तुरुंगवासाची तयारी दर्शविली. अखेर 1888 साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. ज्या एडिथ पीची यांना एडिंबऱ्यात पदवी मिळाली नव्हती, त्या एव्हाना मुंबईच्या कामा रुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई 1889 साली लंडनच्या त्या विद्यालयात दाखल झाल्या आणि 1894 साली डॉक्टर झाल्या.

मायदेशी परतल्यावर त्या 1895 साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि सुमारे बावीस वर्षे येथे राहिल्या. पुढे राजकोटच्या स्त्री-रुग्णालयात निवृत्तीपर्यंत त्यांनी सेवा केली. पडदापद्धती नष्ट व्हावी असे प्रतिपादन करणारी पुस्तिकाही त्यांनी लिहिली. ज्या पडद्यामुळे रोगी वैद्यापर्यंत पोहोचत नाही, त्याचे परिणाम रुग्णालयात बसून त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. 1955 साली त्यांचे निधन झाले.

हे उदाहरण एकाकी नाही. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, तेथे त्याच काळात जपानच्या केइ ओकामी आणि सिरियातील दमास्कसच्या सबात इस्लामबुली शिकत होत्या. रिबेका कोल या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तेथूनच 1867 साली पदवी मिळविली होती. ओमाहा या आदिवासी जमातीच्या सुझन ला फ्लेश 1889 साली तेथून पदवीधर झाल्या, आपल्या लोकांत परतल्या आणि त्यांच्याच प्रयत्नाने 1913 साली तेथे रुग्णालय उभे राहिले. आनंदीबाईंना मात्र आयुष्याने साथ दिली नाही. 1887 साली, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्या निवर्तल्या.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थी घेणे म्हणजे वैद्यकविद्यालयाने कोणावर केलेले उपकार नव्हेत. रोगी आपले दुखणे वैद्याला विश्वासाने सांगतो, तेव्हाच निदान होते. आणि हा विश्वास भाषेने, ओळखीने व समान अनुभवाने वाढतो. प्रवेशाच्या यादीत विविधता आली, की कालांतराने रुग्णालयाच्या दारातील रांगेतही ती दिसू लागते. परंतु प्रवेश हा अर्धाच मार्ग होय. पदवीधर कोठे जाऊन बसतो, यावर उरलेला अर्धा अवलंबून असतो. रखमाबाईंनी तो सुरतेत पुरा केला.

आज सुरतेत 1964 साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि देशभर मुली मोठ्या संख्येने वैद्यक शिकत आहेत. तथापि मागाच्या खात्यात काम करणाऱ्या कामगाराच्या पत्नीला रोज बुडवून रुग्णालयात जाणे आजही जड जाते. गुजराती पुरती न येणाऱ्या म्हाताऱ्या आजीला आपले दुखणे नेमके सांगता येत नाही. असा रोगी समोर आला असता त्याचे बोलणे समजून घेणारा डॉक्टर आपल्याच वस्तीतून का निर्माण होऊ नये? मराठी माध्यमाच्या वर्गात बसणाऱ्या मुलीला विज्ञानाची गोडी लागली, तर घरकामासाठी किंवा लवकर लग्न करून देण्यासाठी तिची शाळा सोडवू नये, एवढे तरी प्रत्येक पालकाच्या हाती आहे. रखमाबाईंना हा हक्क न्यायालयात झगडून मिळवावा लागला. आपल्या लेकींना तो घरातच, मागण्यापूर्वी मिळाला पाहिजे.