काळी नदीवर जाण्याआधी

दांडेलीला राफ्टिंगला जायचे ठरले तेव्हा अम्मींनी एवढेच विचारले, "पाण्यात उतरणार कोण कोण?" त्यांचा धाकटा भाऊ, आमचे मामू, पंचगंगेत बुडून गेले. तेव्हापासून आमच्या घरात नदीचा विषय कुणी हसण्यावारी नेत नाही. म्हणून या वेळी आधी चौकशी केली, बॅगा नंतर भरल्या.

काळी नदी कर्नाटकातल्या दाट जंगलातून वाहत कारवारजवळ समुद्राला मिळते. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण आहे. राफ्टिंग धरणाच्या खालच्या अंगाला चालते, त्यामुळे तिथले पाणी वीजघरातून किती सोडतात यावर कमीजास्त होते. सकाळी उघडे दिसलेले खडक नंतर पाण्याखाली गेलेले असू शकतात. पाणी सोडणार का आणि किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून विचारलेले बरे. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

खळाळत्या पाण्याची प्रतवारी 1 ते 6 अशी करतात. काळीवर 3 पर्यंतचे टप्पे लागतात. वाटाड्या बरोबर असला की नवख्यालाही ते झेपतात, पण आपण बोटीतून पडणार असे धरूनच बसायचे. पडलो तर उताणे व्हायचे आणि पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवायचे. धारेत उभे राहायला मात्र जाऊ नये. पाऊल खडकाच्या फटीत अडकले की पाण्याचा जोर माणसाला आडवा करतो, मग पोहता येऊनही उपयोग नसतो. मामू तर पट्टीचे पोहणारे होते.

कपड्यांवरून घरात थोडी वादावादी झाली. सैल ओढणी आणि बुरखा पाण्यात जड होतात, कुठेही अडकतात. शेवटी आपा आणि भाभींनी अंगाबरोबरचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हेल्मेटखाली घट्ट बसेल असा स्कार्फ घेतला. चष्म्यांना दोऱ्या बांधल्या.

काठावर मिळालेल्या जॅकेटांपैकी दोघांचे बक्कल तुटके निघाले. "काही होत नाही," म्हणत तिथला माणूस हसला. आम्ही जॅकेटे बदलून मागितली. नवी आली तेव्हा अम्मींनी एकेकाला समोर उभे करून खांद्याकडून जॅकेट वर ओढून पाहिले. भाईजानचे थेट कानापर्यंत आले. पट्टे पुन्हा आवळले. मग धाकट्याला मांडीवर घेऊन त्या काठावरच्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता निघा."