शंभर वर्षांत चार नावं: मराठवाड्यातल्या प्रेस्बिटेरियन पाळकांचा हिशेब

७, ११ आणि १३. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक झालेल्या तीन एतद्देशीयांना बाप्तिस्म्यापासून पाळकीय दीक्षेपर्यंत पोचायला लागलेली ही वर्षं. धनजीभाई नवरोजी यांचा बाप्तिस्मा १८३९ चा, दीक्षा १८४६ ची. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ चा, दीक्षा १८५४ ची. बाबा पदमनजींच्या बाबतीत हीच सालं १८५४ आणि १८६७. ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आलं, म्हणजे पदमनजी कादंबरीकार आधी झाले आणि पाळक १० वर्षांनी.

एवढा वेळ का लागे, याचं उत्तर फ्री चर्चच्या प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत आहे. या पंथात बिशप नसतो. मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील (एल्डर) मिळून पाहतात. त्यांच्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांच्या पाळकांची आणि वडिलांची सभा. परंपरेने तिथे एका पाळकामागे एक वडील, म्हणजे दोघांचं वजन सारखं. उमेदवाराची परीक्षा ही सभा घेते, आणि स्कॉटिश परंपरेत ती ईश्वरविज्ञान, ग्रीक, हिब्रू अशी चांगलीच कडक. मुळात पाळकच मोजके असले की सभा भरवायलाही माणसं जमवावी लागतात. माझ्या मते या पंथाची मराठी मुलखातली संथ वाढ बरीचशी या शिस्तीने ठरवली. पाळक कमी झाले, पण जे झाले ते विद्वान झाले. ‘द स्टुडंट्स मराठी ग्रामर’ लिहिणारे रेव्हरंड गणपतराव नवलकर याच वर्तुळातले.

नारायण शेषाद्री हे नाव मराठी वाचकाला बहुधा त्यांच्या धाकट्या भावामुळे ठाऊक असतं. १८४३ मध्ये सुमारे १२ वर्षांचा श्रीपत शेषाद्री मिशनऱ्यांकडे राहायला गेला, कोर्टाने त्याला घरच्यांच्या ताब्यात दिलं आणि त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली. त्या वादावर पुष्कळ लिहिलं गेलं. थोरल्या भावाने पुढे काय केलं, याकडे मात्र आपल्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तो जालन्याला गेला.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होतं. (वेगळा जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्यामुळे जुनी आकडेवारी वाचताना दोन्ही जिल्हे एकत्र धरावे लागतात.) निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. १८९१ मध्ये परदेशप्रवासात बोटीवरच त्यांचं निधन झालं.

जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर खुद्द औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं. ती अँग्लिकन संस्था, म्हणजे बिशप मानणारी. तिथले प्रमुख पाळक रतनजी नवरोजी, जन्माने पारशी. एकाच जिल्ह्यात दोन पंथ, आणि दोन्हीकडे गोऱ्या साहेबाऐवजी एतद्देशीय माणूस पुढे, एक ब्राह्मण घरातला आणि एक पारशी. मिशनच्या इतिहासात हे चित्र तेव्हा दुर्मीळ होतं.

पुढचा मोठा आकडा दुष्काळाचा. औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२८,९७५ होती, ती १९०१ मध्ये ७,२१,४०७ वर आली. दहा वर्षांत १,०७,५६८ माणसं कमी, जवळजवळ १३ टक्के. पाळकाचं काम या काळात प्रवचनापुरतं राहणं शक्यच नव्हतं.

यानंतर माणसं तीच राहिली आणि पाटी बदलत गेली. शेषाद्रींची परंपरा फ्री चर्चची. १९०४ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया स्थापन झालं. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांशी जोडणी होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं. साधारण शंभर वर्षांत चार नावं.

त्यातला शेवटचा बदल सगळ्यात खोल. अँग्लिकनांचा बिशप राहिला, प्रेस्बिटेरियनांचं मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, हे नाव सर्वोच्च पदाला राहिलं, पाळकाला प्रेस्बिटर म्हणू लागले. प्रेस्बिटेरियन रिवाजात मंडळी आपल्या पाळकाला बोलावणं पाठवी. आता नेमणूक बिशपकडून होते आणि पाळकसाहेबांची बदली निघते. मराठवाड्यासाठी सीएनआयचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादेच्या, प्रोटेस्टंट घरांत आज पाळकांची बातमी म्हणजे मुख्यतः दीक्षा, बदली, निवृत्ती. अशा बातम्या मराठीत वाचण्याची सवय ‘ज्ञानोदय’ने लावली, आणि ते पत्र अहमदनगरला १८४२ मध्ये निघालं.

आज ‘प्रेस्बिटेरियन’ म्हटलं की बातमी बहुतेक वेळा मिझोराम-मेघालयाची असते. वेल्श मिशनरी टॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला पोचले, शेषाद्रींच्या बाप्तिस्म्याच्या फक्त दोन वर्षं आधी. तिथलं चर्च १९७० च्या विलीनीकरणात आलं नाही आणि नाव टिकलं. २०११ च्या जनगणनेत मिझोराममध्ये ९,५६,३३१ ख्रिस्ती आहेत आणि महाराष्ट्रात १०,८०,०७३. आपल्याकडे संख्या जास्त! पण प्रमाण तिथे ८७.१६ टक्के आणि इथे ०.९६ टक्के. त्यातही महाराष्ट्रातले ख्रिस्ती मोठ्या संख्येने मुंबई-वसई पट्ट्यातले कॅथलिक. मिझोरामच्या पाळकाला गाव म्हणजेच मंडळी. मराठवाड्यातल्या पाळकाची मंडळी गावागावांत चार-दोन घरांनी विखुरलेली, आणि तो मोटारसायकलवर.

या पाळकांचा पुरता हिशेब जनगणनेतून निघणार नाही. ब्रिटिशकालीन जनगणनेत ख्रिस्ती पंथांचे वेगळे तक्ते असत, स्वातंत्र्यानंतर ‘ख्रिस्ती’ एवढा एकच रकाना उरला. पंथ, पाळकाचं नाव आणि साल सापडतं ते मंडळीच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्यांत. जालना, बेथेल किंवा संभाजीनगरातल्या ज्या कुटुंबांकडे किंवा मंडळ्यांकडे अशा जुन्या वह्या असतील, त्यांनी वाळवी लागण्याआधी त्यांची पानं स्कॅन करून एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी.