अनोळखी इंग्रजी शब्द आणि सीमाभागातील मुले

बेळगाव-निपाणी भागात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या कानांवर लहानपणापासून तीन भाषा पडतात. घरी मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भाषांच्या संबंधांचा विचार येथे बहुधा हक्क आणि अन्याय यांच्याच परिभाषेत झाला. तो अस्थानी होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वर्गात हीच स्थिती शिक्षकाच्या हाती एक उत्तम साधन देते. वाचताना अडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मुलाने स्वतः कसा लावावा, या प्रश्नापुरता त्या साधनाचा विचार येथे करावयाचा आहे.

रूढ पद्धती अशी की, शिक्षक फळ्यावर शब्दार्थ लिहितो आणि मुले ते उतरवून घेतात. यात वेळ वाचतो खरा. पण पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक हाती आले की अर्थ सांगणारा जवळ नसतो आणि वाचन तेथेच थांबते.

पहिला उपाय शब्दाची फोड करण्याचा. तंबाखूस कन्नडात ‘होगेसोप्पु’ म्हणतात. होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. निपाणीच्या मुलास ही फोड दाखविली की ‘लाइटहाउस’ हा शब्दही त्याच रीतीने उलगडतो, आणि शेजारी आपला ‘दीपस्तंभ’ उभा करता येतो. ‘अनहॅपी’ला ‘असमाधानी’ची आणि ‘केअरलेस’ला ‘बेफिकीर’ची जोड द्यावी. दुसऱ्या जोडीत मराठीचा नकार शब्दाच्या आरंभी, तर इंग्रजीचा अंती आहे, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. मात्र ‘अंकल’च्या आरंभी तीच अक्षरे असूनही तेथे नकार नाही, हेही त्याच तासाला सांगावे.

दुसरा उपाय नातेसंबंध ओळखण्याचा. ‘टोबॅको’ आणि तंबाखू ही भावंडेच आहेत. आपले मुंगूस तर इंग्रजीत जाऊन ‘मंगूस’ झाले. असे शब्द परके वाटत नाहीत. परंतु नात्यानेही फसगत होते. आपल्या घरी स्टीलचाही ‘ग्लास’ असतो. इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ काच.

म्हणून तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय संदर्भाचा. शेतकऱ्याने ‘डॅम्प’ पाने उन्हात पसरली आणि संध्याकाळपर्यंत ती वाळली, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य घ्या. ‘डॅम्प’ ठाऊक नसलेले मूल ‘ओली’ म्हणेल, कदाचित ‘हिरवी’ही म्हणेल. दोन्ही तर्क फळ्यावर मांडावेत आणि पुढील वाक्यांत कोणता टिकतो ते पाहावे. मात्र उतारा बेताचाच कठीण हवा. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखविले की, कथात्मक मजकूर कोणाच्या मदतीविना नीट समजण्यास त्यातील शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द परिचित असावे लागतात. ओळीओळीस शब्द अडू लागला की तर्कास आधारच उरत नाही.

तर्क झाल्यावर कोश उघडावा, आधी नव्हे. मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कॅण्डी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून हे साधन आपल्याजवळ आहे. पण कोश एका शब्दापुढे अनेक अर्थ मांडतो. ‘डॅम्प’ला ओलसर, दमट, सर्द असे प्रतिशब्द मराठीत आहेत. पाने ओलसर असतात, हवा दमट असते. त्यांतून योग्य शब्द निवडणे हे काम कोशाचे नव्हे, मुलाच्या मराठीचे आहे. ज्याची मराठी तोकडी, त्याला हे तिन्ही शब्द सारखेच.

मराठी माध्यमात इंग्रजी कच्चे राहते, या समजुतीने अनेक पालक मुलांस इंग्रजी शाळेत घालतात आणि सीमाभागातील मराठी शाळांची पटसंख्या धोक्यात येते. या भीतीस नुसत्या भाषाभिमानाने उत्तर देता येणार नाही. मराठीच्या आधाराने इंग्रजी पुस्तक स्वतः वाचणारा विद्यार्थी शाळेने दाखविला पाहिजे. त्यासाठी इंग्रजीच्या शिक्षकाने आठवड्यातून एक तास मराठीच्या शिक्षकासमवेत घ्यावा आणि शब्दार्थांची वही मुलांनी स्वतःच्या तर्कांनी भरावी, अशी आमची सूचना आहे.