स्नायूंची साठी – ११ : जिना उतरण्याचा हिशेब

नाशिकहून आलेल्या एका पत्राने चार दिवस मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

पत्रलेखक ६१ वर्षांचे. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. ते लिहितात, "इमारतीत लिफ्ट आहे, पण व्यायाम म्हणून जिनाच वापरतो. चढताना दम लागतो, दुखत नाही. उतरताना काहीच वाटत नाही, आणि तिसऱ्या दिवशी मांड्या हात लावू देत नाहीत. हे उलटं कसं?"

उलटं नाही. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाही भार धरून ठेवतो. भरली घागर विहिरीत हळूहळू सोडून पाहा, सरकता दोर तळवे सोलवटून काढतो. शिवाय या कामाला कमी तंतू लागतात, म्हणून प्रत्येकावर ताण जास्त. बारीक इजा होते, ती निस्तरायला संरक्षक पेशी धावतात. तोच दाह. तो भरात यायला एक ते तीन दिवस जातात.

पोलिओत काही चेतापेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरक्या तंतूंना सांभाळतात, बऱ्याचदा 'चांगल्या' म्हणवणाऱ्या पायातही. काही दशकांनी हे फाटे झडू लागतात. तंतू आणखी कमी, ताण आणखी जास्त. त्यात वय. उतारवयात शरीरात सतत धुमसत राहणाऱ्या दाहाला क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली 'इन्फ्लेमएजिंग' हे नाव दिलं.

मग बसूनच राहायचं? मुळीच नाही! कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटाने दाखवलं की कामाला लागलेला स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-६ नावाचा रेणू सोडतो. मॅरेथॉननंतर त्याचं रक्तातलं प्रमाण शंभर पटींपर्यंत जातं. हाच रेणू तापातही वाढतो, पण स्नायूतून येतो तेव्हा पाठोपाठ दाह शमवणारे रेणू घेऊन येतो. स्नायूदाहाच्या रुग्णांना तर वर्षानुवर्षं विश्रांतीच सांगितली जायची. स्टॉकहोममध्ये हेलेन अलेक्झांडरसन आणि इन्ग्रिड लुंडबर्ग यांनी अशा रुग्णांना घरच्या घरी बेताचा व्यायाम दिला. ताकद वाढली, आजार उसळला नाही.

म्हणून काका, चढणं सोडू नका. एक मजला, थोडं थांबणं, मग दुसरा, तेही एक दिवसाआड आणि पाय थकायच्या आत. उतरायला मात्र लिफ्ट. लिफ्टने उतरलात म्हणून व्यायाम बुडत नाही, दुखणं तेवढं वाचतं. आणि नवा अशक्तपणा जाणवला, तर आधी मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा.

एक वही ठेवा. किती पायऱ्या चढलात ते त्याच दिवशी लिहा. पाय काय म्हणतो ते तिसऱ्या सकाळी लिहा. महिन्याभराने ती वही मला नक्की पाठवा. मी वाट पाहतोय.